तेलाची वाटी

माझ्या भाचीचा उजवा हात कोपरात पुरता सरळ होत नाही. अनोळखी माणसाच्या लक्षातही येणार नाही, इतकाच फरक आहे. पण ती भडगावला आली की अंगणाच्या दारातून आत शिरताना मला आधी तिचा तो हात दिसतो, मग तोंड. कोणी विचारलं तर घरातले सांगतात, "लहानपणी आखाजीला झोक्यावरून पडली होती." पडली होती हे खरं. पण नुसती पडली असती तर तो हात आज सरळ असता. पडल्यानंतरच्या दीड महिन्यात मी जे केलं, त्यानं तो वाकडा राहिला. घराबाहेर हे मी फारसं कधी बोललो नव्हतो. आज लिहितो आहे, कारण उन्हाळा आला की आमच्या भागात पोरं झाडावरून, झोक्यावरून, मोटारसायकलवरून पडतात आणि संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या ओट्यावर तेलाची वाटी गरम होते.

गिरणाकाठच्या या गावात माझा जन्म गेला आणि माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवण्यात नोकरी गेली. प्रौढ माणसाच्या शरीरात 206 हाडं असतात, हाड म्हणजे दगड नव्हे, ती जिवंत ऊती आहे, ही वाक्यं मी फळ्यावर किती वर्षं लिहिली याचा हिशेब नाही. जिवंत म्हणजे काय, हे मात्र मला स्वतःला कळलं नव्हतं.

2014 ची आखाजी मे महिन्याच्या अगदी सुरुवातीला आली होती. खान्देशात आखाजी म्हणजे सासुरवाशिणींचा सण. माझी बहीण दोंडाईच्याला दिलेली. ती दोन्ही पोरांना घेऊन आली होती. घरात पितरांची घागर भरली होती, सांजोऱ्या तळून झाल्या होत्या, आमरसाच्या पातेल्यावर माश्या येऊ नयेत म्हणून आई ओला फडका टाकून बसली होती. गल्लीच्या टोकाला निंबाचं जुनं झाड आहे, त्याच्या आडव्या फांदीला दरवर्षी झोका बांधतात. बाया-पोरी गौराईची गाणी म्हणत उंच उंच झोके घेतात. आणि आखाजीला पुरुषमंडळी पत्ते खेळतात, हीही आमच्याकडची जुनी रीत. मी चार घरं सोडून एका ओट्यावर पत्त्यांत बसलो होतो. बहिणीनं जेवणानंतर सांगितलं होतं, "भाऊ, पोरी फार उंच घेतात, जरा लक्ष ठेव." मी हो म्हणालो होतो.

ओरडणं ऐकू आलं तेव्हा माझ्या हातात चांगली पानं होती. "पोरं पडतात अन् उठतात," असं मी म्हणालो आणि डाव संपवून उठलो. फार तर पाच मिनिटं गेली असतील. त्या पाच मिनिटांनी तिच्या हाताचं काही बिघडलं नाही, डॉक्टरांनी तसं नंतर सांगितलंही. पण पुढच्या सगळ्या गोष्टी त्याच ओट्यावर सुरू झाल्या असं मला वाटतं. दुसऱ्याच्या दुखण्याला थांबवून ठेवायची सवय तिथंच दिसली होती.

तेरा वर्षांची पोर निंबाच्या बुंध्याशी बसून डाव्या हातानं उजवा हात धरून होती. कोपराचं टोक मागे उंच निघालेलं, त्याच्यावर खड्डा, आणि हात मनगटापर्यंत आखूड झाल्यासारखा. आम्ही तसंच तिला गाडीत घालून पाचोऱ्याला नेलं. सांधा निखळला होता, हाड मोडलेलं नव्हतं. भूल देऊन डॉक्टरांनी सांधा बसवला, मागून प्लास्टरची पट्टी दिली, तीन आठवडे सांगितले. इथपर्यंत सगळं जसं व्हावं तसंच झालं.

बहिणीला परतणं भाग होतं. हात बरा होईपर्यंत पोर मामाकडेच राहू दे, असं मीच पुढे होऊन म्हणालो.

प्लास्टर काढलं त्या दिवशी डॉक्टरांनी हात उघडून-मिटून पाहिला. तेव्हा तिची बोटं हनुवटीला लागत होती. मला ते पक्कं आठवतं, कारण ती हसून म्हणाली होती, "मामा, आता जेवता येईल." डॉक्टर म्हणाले, हात तिचा तिला हलवू द्या, दुखेल तिथं थांबायचं, दुसऱ्या दिवशी थोडं पुढे. मालीश करायची नाही, ओढायचं नाही, वजन उचलायला लावायचं नाही. एवढं सांगून त्यांनी कागदावर 'मालीश नको' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. तो कागद अजून माझ्याकडे आहे. दुसरी रेघ मारताना पेनानं कागद जरा फाटला आहे.

आठ दिवस मी तसं वागलो. हात रोज थोडा उघडत होता, पण मला तो थोडा दिसेना. शाळा पंधरा जूनच्या सुमारास उघडणार. दोंडाईच्याहून रोज फोन, "झाला का हात मोकळा?" येणारा-जाणारा प्रत्येक जण हात वाकवून बघे आणि काहीतरी सांगून जाई. शेजारच्या काकू म्हणाल्या, प्लास्टरनं शिरा आखडतात. माझ्या आईच्या हाताला तर गल्लीत मान होता. तिनं कितीतरी बाळंतिणी आणि तान्ही पोरं चोळली होती. ती म्हणाली, "तेल लाव, हात मोकळा व्हई जाई." आणि माझा स्वतःचा अनुभव होताच. तरुणपणी पाय मुरगळला होता, तेव्हा जवळच्या एका गावच्या हाडवैद्यानं तीन दिवसांत मला चालता केला होता. मुरगळलेला घोटा आणि निखळून बसवलेलं कोपर, यांत मी फरक केला नाही. विज्ञान शिकवणाऱ्या माणसानं करायला हवा होता.

तर मी तिला त्या हाडवैद्याकडे नेलं. त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याला मी प्लास्टरचं सांगितलं, पण दोन रेघांचा कागद दाखवला नाही. त्यानं कोपर दाबलं, ताणलं, घरी रोज दोन वेळा चोळायला सांगितलं. मग घरी मी आणि आई.

तिळाच्या तेलात लसूण आणि ओवा करपेपर्यंत तापवायचा, पितळेच्या वाटीत गाळायचा. सकाळी अंघोळीआधी आणि रात्री जेवणाआधी. भाची ओट्यावर बसायची. आई दोन्ही अंगठ्यांनी कोपराच्या पुढच्या खळग्यात खोल दाबत वर जायची आणि मी मनगट धरून हात सरळ ओढायचो. आई थकली की मी दाबायचो. भाची रडकी पोर नव्हती. ती ओठ आवळून बसायची आणि तिच्या पायाची बोटं फरशीवर आखडायची. मला अजून ती बोटंच दिसतात. कधी म्हणायची, "मामा, पुरे ना आते. दुखस." मी म्हणायचो, "दुखल्याशिवाय सुटत नाही." चोळून झालं की अर्धी भरलेली बादली उजव्या हातात घेऊन हापशापासून तुळशीपर्यंत दहा फेऱ्या. वजनानं कोपर सरळ होतं, असं आमच्याकडे सगळेच सांगतात. मीही ते खरं धरलं.

दहाव्या-बाराव्या दिवशी कोपराच्या पुढे सूज आली, हात लावला तर गरम. पंधराव्या दिवशी आत सुपारीएवढं टणक काहीतरी लागलं. आई म्हणाली, गाठ आहे, चोळून विरेल. आम्ही जोर वाढवला. हात उघडायचा तो आता कमी उघडत होता, मिटायचा तो कमी मिटत होता. हनुवटीला लागणारी बोटं छातीपर्यंतही येईनात. हे रोज माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. माझ्या घरात दोन कंपासपेट्या होत्या, दोन्हींत कोनमापक होता. एकदाही मी तो तिच्या कोपराला लावून बघितला नाही. बघितला असता तर तिसऱ्याच दिवशी समजलं असतं की कोन वाढायच्या ऐवजी घटतो आहे.

आणि बहिणीला फोनवर मी काय सांगितलं? "पोर आळशी आहे. व्यायाम करत नाही. रडून टाळते."

जूनच्या मध्यावर पुन्हा पाचोरा. एक्स-रेच्या काळ्या पट्टीवर कोपराच्या पुढे, स्नायूच्या जागी, पिंजलेल्या कापसासारखा पांढुरका ढग होता. हाड नसावं तिथं हाड. डॉक्टरांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मालीश केली का?"

मी म्हणालो, "नाही."

भाची माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मामानं नाही म्हटल्यावर ती काय बोलणार? तिच्यासमोर मी खोटं बोललो आणि तिलाही त्यात ओढलं. सर म्हणून मला गाव ओळखत होता, डॉक्टरही सर म्हणत. दोन रेघा मारून सांगितलेलं मी मोडलं, हे कबूल करायची लाज वाटली. एवढंच कारण.

त्या एका 'नाही'ची किंमत मला तिथं कळली नव्हती. डॉक्टर विचारात पडले. सांधा निखळताना पुढचा स्नायू फाटतो, रक्त साचतं, त्यातून कधी कधी असं हाड धरतं, हे त्यांना माहीत होतंच. पण हात व्यवस्थित विश्रांतीत असताना इतक्या थोड्या दिवसांत एवढी मोठी, गरम, दुखरी गाठ? वाढत्या वयातल्या पोरांना हाडाचा कर्करोगही होतो आणि सुरुवातीच्या एक्स-रेवर दोन्ही सारखे दिसू शकतात. त्यांनी जळगावला पाठवलं. तिथं रक्ताच्या तपासण्या, मग एमआरआय. मोठ्या डॉक्टरांनी चित्रं पाहिली आणि म्हणाले, खात्रीसाठी गाठीचा तुकडा काढावा लागेल असं दिसतंय, उद्या ठरवू.

आम्ही त्या रात्री स्टेशनजवळच्या एका लॉजवर राहिलो. भाची झोपली. मी मोबाइलवर वाचत बसलो. रात्री दोनच्या सुमाराला मला त्या दुर्मीळ आजाराचं नाव सापडलं: फायब्रोडिस्प्लेझिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा. दहा-वीस लाखांत एखाद्याला होणारा. त्यात जरासा मार, साधं स्नायूत दिलेलं इंजेक्शन, एवढ्यानंही स्नायूंचं आणि स्नायुबंधांचं हाड होत जातं आणि माणूस आपल्याच शरीरात कोंडला जातो. अमेरिकेतल्या हॅरी ईस्टलॅकबद्दल वाचलं. 1933 चा जन्म, 1973 साली गेला तेव्हा त्याला जवळजवळ फक्त ओठ हलवता येत होते. त्यानं आपला सांगाडा संशोधनासाठी दिला. तो फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात उभा आहे. एरवी सांगाडा उभा करायचा तर हाडं तारांनी बांधावी लागतात. त्याची बरीचशी हाडं आपोआपच एकमेकांना जुळलेली आहेत. या आजारामागचा एसीव्हीआर1 या जनुकातला बदल 2006 साली पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी शोधला. तिथंच लिहिलं होतं की अशा मुलांच्या पायाचे अंगठे बहुधा जन्मतःच आखूड आणि आत वळलेले असतात, आणि चुकून गाठीचा तुकडा काढला तर आजार आणखी भडकतो.

मी उठलो. मोबाइलचा उजेड तिच्या पायांवर धरला. अंगठे लांब होते, सरळ होते, नखांवर आखाजीचा लाल रंग अजून थोडा उरला होता. मी तिथंच फरशीवर बसलो. मग मला लख्ख समजलं की मी जनुकं शोधतो आहे, दुर्मीळ आजार शोधतो आहे, आणि ज्या गोष्टीनं हे झालं ती मला पहिल्यापासून माहीत आहे.

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी मी दारात उभा होतो. डॉक्टरांना सगळं सांगितलं. हाडवैद्य, तेल, ओढणं, बादली. त्यांनी रागावून काही म्हटलं नाही. कागद ओढला आणि तारखा विचारत गेले. कधीपासून? रोज? दोन वेळा? किती वेळ? गाठ लागल्यावरही? मी प्रत्येकाला हो म्हणत गेलो. लिहून झाल्यावर म्हणाले, "हे काल सांगितलं असतं तर तुम्ही रात्री झोपला असता." मग त्यांनी एमआरआयचा फोटो उजेडावर धरून समजावलं. चोळण्यानं धरलेलं हाड बाहेरून आत पिकतं. आधी कडेला कवच होतं, मधला भाग कच्चा राहतो. कर्करोगात साधारण याच्या उलट, मधोमध दाट. आणि कच्च्या मधल्या भागाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर चांगल्या माणसाचीही फसगत होऊ शकते. म्हणून आता तुकडा नको. हात झोळीत, विश्रांती, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे. त्या एक्स-रेवर कडेची पांढरी रेघ स्पष्ट उमटली तेव्हा निदान पक्कं झालं. मायोसायटिस ऑसिफिकन्स. नावात स्नायूचा दाह आहे, पण खरं तर दाह हे याचं मूळ नव्हे. इजा हे मूळ आहे, आणि इजेवर पुन्हा पुन्हा इजा.

तेव्हा मला ते फळ्यावरचं वाक्य कळलं. मोडलेलं हाड आपण जुळवत नाही, ते स्वतः जुळतं. रक्त साकळतं, त्यात पेशी येतात, त्या आधी कूर्चा मग हाड घडवतात. हीच कारागिरी चुकीच्या जागी सुरू होऊ शकते. 1965 साली मार्शल युरिस्ट या शल्यविशारदानं हाडातला चुना काढून उरलेला सांगाडा प्राण्यांच्या स्नायूत ठेवला, तर तिथं नवं हाड तयार झालं. म्हणजे स्नायूतही हाड घडवायची तयारी असते, सांगावा मिळायचा अवकाश. कोपराच्या पुढे खोलवर जो स्नायू आहे तो सांधा निखळताना फाटला होता. तो भरून येत होता. आणि रोज दोन वेळा आम्ही अंगठ्यांनी ते भरलेलं पुन्हा फाडत होतो, ताजं रक्त साचवत होतो. शरीरानं त्या जखमेला हाडाचा आधार द्यायचं ठरवलं. ज्या हातानं ते केलं त्या हातात माया होती, पण स्नायूला त्याचं काय?

त्या वर्षी मी या विषयावर मिळेल ते वाचलं. जुन्या काळी घोडेस्वारांच्या मांडीच्या आतल्या स्नायूत हाड धरायचं, कवायत करणाऱ्या शिपायांच्या खांद्यात बंदुकीच्या आघातांनी धरायचं. डॉक्टरांनी त्यांना तशीच नावंही दिली होती. पहिल्या महायुद्धात मणक्याला गोळी लागून लुळे पडलेल्या सैनिकांच्या कंबरेभोवती असं हाड वाढतं, हे फ्रान्समध्ये 1918 साली नोंदलं गेलं. आपल्या सुश्रुत आणि चरक या दोन्ही संहितांमध्ये हाडाच्या विकारांत 'अध्यस्थि' असा शब्द आहे, म्हणजे जादा हाड. आणि जावा मानव! तो तर मी दरवर्षी शिकवत होतो. यूजीन द्युबॉइसला 1892 साली जावा बेटावर त्रिनिल इथं जे मांडीचं हाड सापडलं, त्याच्या वरच्या भागावर हाडाचाच एक ओबडधोबड फुगवटा आहे. ते हाड नेमकं कोणाचं, यावर अभ्यासकांची मतं वेगळी आहेत. पण ज्याचं होतं तो त्या फुगवट्यासकट चालला असणार. पुस्तकातल्या चित्रात तो फुगवटा दिसतो. मी इतकी वर्षं त्याच्याकडे पाहून पुढच्या पानावर गेलो होतो.

पुढचं जवळजवळ दीड वर्ष काही न करण्याचं होतं, आणि तेच सगळ्यात अवघड गेलं. कच्चं हाड काढलं तर पुन्हा येतं, म्हणून ते पिकून शांत होईपर्यंत थांबावं लागतं. मुलांमध्ये कधी कधी ते बरंचसं आपोआप विरतं, म्हणूनही थांबायचं. दर काही महिन्यांनी एक्स-रे. तिचं कोपर चाळीस ते नव्वद अंशांच्या मध्ये अडकलं होतं. रोजची बहुतेक कामं करायला तीस ते एकशेतीस अंश लागतात, हे मला फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं. तिला लिहिता येत होतं. घास तोंडाशी नेता येत नव्हता. वेणी घालता येत नव्हती, कानातलं घालता येत नव्हतं, घाम पुसता येत नव्हता. ती डाव्या हातानं जेवायला शिकली. एका लग्नाच्या पंगतीत कुणा म्हाताऱ्यानं डाव्या हातानं जेवते म्हणून तिला सगळ्यांसमोर बोल लावला. ती ताटावरून उठली नाही, पण पुढे काही खाल्लं नाही. मी समोरच्या रांगेत वाढत होतो. माझ्या हातात बट्टीची टोपली होती. मला तिथं बोलता आलं असतं.

बहिणीला खरं सांगायला मी दोंडाईच्याला गेलो तो दिवाळीनंतर. बाजारात मिरचीची आवक सुरू झाली होती, गावभर त्याचा खकाणा. मेहुणे बाहेर गेले होते. बहीण भाकरी थापत होती. मी सांगितलं. ती थापत राहिली, भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग म्हणाली, "तू फोनवर म्हणाला होतास ना, पोर आळशी आहे. ती इथं आल्यावर हात हलवेना, तेव्हा मी तिला त्यासाठी मारलं. दोनदा." एवढं बोलून तिनं भाकरी उलटली. दुसरं काही बोलली नाही. जेवायला मात्र मला तिनं वाढलं.

शस्त्रक्रिया 2015 च्या शेवटी नाशिकला झाली. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी बरणीत ते दाखवलं. खारकेएवढं, वरून खडबडीत, एका टोकाला निमुळतं. खरंखुरं हाड, आत मगज असलेलं. त्यानंतरचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट बाईंनी करून घेतले. त्यांची पद्धत मी शेजारी बसून पाहिली. त्या हात धरतच नसत. टेबलावर रुमाल ठेवायचा, त्यावर तिचा हात, आणि ती स्वतः तो सरकवणार. चेहरा जरा आक्रसला की बाई म्हणायच्या, "बास. उद्या." मी दर रविवारी कंपासपेटीतला कोनमापक घेऊन कोन मोजायचो आणि वहीत लिहायचो. शेवटचा आकडा आहे पंचवीस ते एकशेपंचवीस. घास तोंडाशी जातो. वेणी घालते, पण मान बरीच खाली घालून. हात सरळ होत नाही.

एक गोष्ट मी तरीही केली नव्हती. आईला सांगितलं नव्हतं. तिला आम्ही एवढंच सांगितलं होतं की आत हाड वाढलं, ते काढलं. ती शेजारणींना सांगायची, मी चोळलं म्हणून एवढा तरी हात वळतो. मी ऐकायचो. म्हातारी बाई आहे, कशाला तिच्या जिवाला लावायचं, असं स्वतःला समजावायचो.

2017 च्या उन्हाळ्यात मागच्या गल्लीतली एक बाई आपल्या नऊ-दहा वर्षांच्या पोराला घेऊन आली. चिंचेवरून पडलेला, प्लास्टर चार दिवसांपूर्वी काढलेलं, कोपर आखडलेलं. तिनं आईच्या पाया पडून म्हटलं, "आजी, तुमच्या हाताला गुण आहे." आईनं मला हाक मारली, वाटी दे म्हणून. मी दिली. हो, मी फडताळातून वाटी काढून तिच्या हातात दिली, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. तेल तापलं. लसणाचा वास आला. पोरानं ओट्यावर पाय सोडून हात पुढे केला आणि आईनं बोटं तेलात बुडवली, तेव्हा त्याच्या पायाची बोटं आखडली. अजून कोणी त्याला हातही लावला नव्हता.

मी पुढे होऊन वाटी उचलली. त्या बाईला म्हणालो, याला चोळू नका, पाचोऱ्याला न्या, ज्यांनी प्लास्टर काढलं त्यांनाच विचारा. आमच्या पोरीचं काय झालं ते सगळं सांगितलं, आईसमोर. बाई पोराला घेऊन गेली. तो हापशाजवळून जाताना वळून बघत होता.

आई तशीच बसून राहिली. तेलाचे हात गुडघ्यांवर. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मंग पोरना हात मन्हामुळे तसा व्हयना का?"

मी म्हणालो, "नाही आई. कागद माझ्याकडे होता. तू तर मला विचारलंही होतंस, डॉक्टर काय म्हणाले. मी तुला काही सांगितलं नाही."

तिनं पदराला हात पुसले, एक एक बोट करून. मग वाटी माझ्या हातातून घेतली आणि तेल तुळशीपलीकडच्या मोरीत ओतून आली.